शेवड्यांच्या तळ्यातले मांगूर

मासा निवडावा तर हेमानं. वेंगुर्ल्याच्या बाजारात ती आईबरोबर जायची तेव्हापासून कोळणी तिला पाहिलं की शिळा माल आपणहून टोपलीच्या तळाशी सारायच्या. कल्ला उचलायचा, डोळ्यात बघायचं, पोटावर बोट दाबायचं, की झालं. सुरमई आजची की कालची हे ती चार हातांवरून सांगायची. आणि असल्या बाईचं लग्न कुणाशी व्हावं? मिरजेच्या जगदीश शेवड्यांशी! ज्यांनी जन्मात मासा तोंडात घातला नव्हता आणि पगार मात्र माशांचाच घेत होते. रत्नागिरीच्या संशोधन केंद्रात असताना ते हेमाच्या मामाकडे भाड्यानं राहिले आणि तिथंच जमलं. लग्नाच्या पंगतीत मामा ज्याला त्याला सांगत होता, "जावई मासेवाला आहे हो, पण माशाला हात लावतो तो फक्त मोजायला."

पुढे त्यांची बदली झाली लखनौला, तिथल्या मत्स्यसंशोधन संस्थेत. समुद्र राहिला तिकडे. हेमानं पहिल्याच आठवड्यात निशातगंजचा मच्छीबाजार गाठला, आणि तिथल्या टोपल्यांत वळवळणारे ते काळे, मिशावाले, बुळबुळीत मासे बघून पदर नाकाला लावून परत आली. "ह्याला मासे म्हणतात? चिखलाला मिशा फुटल्यात नुसत्या." त्या दिवसापासून तिनं गोड्या पाण्यातला मासा घरात आणला नाही, की डोळे उघडून बघितला नाही. वर्षातून एकदा माहेरी जायची, तिथं बांगडे, सौंदाळे जिवाची हौस भागेस्तोवर खायची आणि परत येऊन वर्षभर वरणभात. नवरा दिवसभर त्याच चिखलातल्या माशांत हात घालून बसलेला असायचा, ते तिला चालायचं. कपडे मात्र बाहेरच्या नळावर बदलून आत यायचं, असा दंडक होता. शेवडे गरीब माणूस, ते बदलायचे.

गोमती नगर तेव्हा नकाशावर जास्त आणि जमिनीवर कमी होतं. शेवड्यांचं घर शेवटच्या ओळीत. त्यापुढे मोहरीची शेतं, आणि शेतांच्या कडेला संस्थेचं एक जुनं तळं. तारेचं कुंपण, एक खोली, आणि त्या खोलीत रामआसरे नावाचा चौकीदार. त्या तळ्यात शेवड्यांनी मांगूर ठेवले होते. देशी मांगूर.

आता मांगूर म्हणजे काय, तर बिनखवल्याचा, मिशावाला, तळ्याच्या तळाशी राहणारा मासा. पाणी आटलं तरी तो ओल्या चिखलात हवेवर जगतो. दुखण्यातून उठलेल्या माणसाला तिकडे त्याचा रस्सा देतात. ह्या मांगुराचा एक परदेशी भाऊबंद नव्वदच्या आगेमागे चोरवाटेनं देशात शिरला. मूळचा आफ्रिकेचा, पण बाजारात नाव पडलं थाई मांगूर. राक्षसच तो. कसाईखान्यातलं टाकाऊ काहीही खातो आणि काही महिन्यांत किलोकिलोचा होतो. लोकांनी शेतात खड्डे खणून तो पाळायला घेतला. खड्ड्यांत आतडी, पिसं, रक्त टाकायचे. वास असा सुटायचा की बस थांबली तर माणसं खिडक्या लावून घेत. पाऊसकाळात खड्डे भरून वाहिले की मासा सुटला ओढ्यात, ओढ्यातून तळ्यात, तळ्यातून नदीत. जाईल तिथं दुसऱ्यांची अंडी खाणार, पिल्लं खाणार, बेडूक खाणार, काही नसलं तर आपलीच जात खाणार. देशी मांगूर त्याच्यापुढं काय टिकणार? सहा वर्षं शेवडे उन्नाव, बाराबंकी, सीतापूरची तळी पालथी घालत होते. ज्या तळ्यात पूर्वी टोपलीभर मांगूर निघत तिथं आता दिवसभर जाळं ओढून दोन निघत. त्या दोनांतला एक, त्या तीनांतले दोन, असे करत त्यांनी बासष्ट मासे जमवले. एकेक तपासून, खात्री करून ह्या तळ्यात सोडले. पावसाळ्यात त्यांच्यापासून बीज धरायचं आणि जिथून आणले तिथं परत नेऊन सोडायचं, हा त्यांचा बेत. जेवताना म्हणायचे, "हेमा, हे बासष्ट गेले ना, तर मग नुसतं नाव उरेल." हेमा म्हणायची, "आमटी घ्या अजून."

शहाण्णवच्या भाद्रपदात, ऑफिसच्या जिन्यात, शेवडे बसले आणि उठले नाहीत. त्रेपन्नावं वर्ष.

हेमा रडली नाही. लोकांनी वाट पाहिली. शेजारच्या सरोज श्रीवास्तव, ज्यांना हेमा दीदी म्हणायची, त्या तिचा खांदा हलवून हलवून म्हणाल्या, "रो लो हेमा, रो लो." हेमाला रडायचं नव्हतं असं नाही, पण आत काही हलतच नव्हतं. चहा टाकायची आणि तो उकळून आटून पातेलं करपेपर्यंत बघत बसायची. भाजीत मीठ आहे की नाही हे तिला कळेना, मुलगी संपदा सांगायची, "मम्मी, आज दो बार डाल दिया." वेंगुर्ल्याहून भाऊ आला, येताना तिच्यासाठी सुकट घेऊन आला. तिनं ती भाजली, खाल्ली, आणि जिभेला काहीसुद्धा लागलं नाही. भाऊ तोंड फिरवून रडला. हिनं ताट उचललं.

कार्तिकात रामआसरे दारात येऊन उभा राहिला. "मेमसाहब, साहब की मछली को दाना कौन डालेगा?" संस्थेनं दाण्याची मंजुरी थांबवली होती. ज्यांचं काम तेच नाहीत म्हटल्यावर फाइल कोण हलवणार! शेवड्यांच्या हाताखाली मृणाल नावाची नागपूरची एक हुशार पोरगी होती, ती दोन वर्षांसाठी कोचीनला गेलेली. रामआसरे बिचारा घरचा कोंडा टाकत होता. हेमानं संपदाला सांगून बघितलं. ती म्हणाली, "मुझसे नहीं होगा मम्मी, वहाँ पापा बहुत याद आते हैं." मग हेमाच निघाली. का निघाली? मायेनं वगैरे नव्हे. सकाळी साडेसात ते आठ ह्या वेळात शेवड्यांचा डबा व्हायचा. आता त्या वेळेला हातांना काम नव्हतं, एवढंच.

मोहरीची पेंड आणि कोंडा भिजवून ती गोळे करायची, डब्यात भरून न्यायची, काठावर उभी राहून टाकायची आणि परत यायची. मासा एकही दिसायचा नाही. पाणी गढूळ, आणि रामआसरे सांगायचा की देशी मांगूर लाजरा, अंधार पडल्यावर खाणारा. बरंच झालं, असं हेमाला वाटायचं. बघायचे कुणाला होते ते मासे? ती पाण्याकडे बघायची, पाणी तिच्याकडे. असं एक वर्ष गेलं.

वर्षश्राद्ध मिरजेला झालं. ते धाकट्या दिरानं, माधवरावांनी केलं. त्यांनी फोनवर सांगितलं, "वहिनी, संपदाचं बारावीचं वर्ष, तुम्ही कशाला दगदग करता, इथं सगळं यथासांग होईल." ते भल्यासाठीच म्हणाले. पण त्या दिवशी सकाळी हेमा अंघोळ करून स्वयंपाकघरात उभी राहिली आणि तिला कळेना की आता करायचं काय. पिंड तिकडे, भटजी तिकडे, कावळाही तिकडचाच शिवणार. आपण इथं नवऱ्यासाठी करायचं काय? नुसती उभी. सरोजदीदी डोकावल्या त्या तशातच.

"अरे, तो मछली छोड़ दो ना," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडे रीतच ती. बाजारातून जिवंत मासे विकत घ्यायचे, गेलेल्याचं नाव घ्यायचं, नदीत सोडायचे. जीव सुटला की जिवाला सुटका. "और भाईसाहब तो मछलियों के ही आदमी थे. इससे अच्छा क्या होगा?"

वर्षभरात पहिल्यांदा हेमाला काहीतरी पटलं. ती रामआसरेला बरोबर घेऊन रिक्षानं निशातगंजला गेली. तेरा वर्षांपूर्वी नाक धरून ज्या बाजारातून पळाली होती तिथं ताठ मानेनं शिरली. मांगूरच हवेत, म्हणाली. देशी. मासेवाल्यानं हौदात हात घातला. "बिल्कुल देसी, माताजी. साँस देखिए इसकी."

आणि मग, काय सांगायचं, हेमाचं माहेर जागं झालं. तिनं पदर खोचला. हा नको, सुस्त आहे. तो नको, शेपटी फाटलीय. हा दाखव. कल्ला लालभडक पाहिजे, डोळा स्वच्छ पाहिजे, हातात धरल्यावर मनगटाला हिसका बसला पाहिजे. श्राद्धाचं दान, त्यात मेलेलं मढं कसं चालेल? हौदातले तीस-चाळीस मासे तिनं नाकारले आणि सगळ्यांत चपळ, सगळ्यांत भुकेले असे एकवीस निवडले. मासेवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "माताजी को मछली की पहचान है." रामआसरे शेजारी दोन बादल्या धरून उभा होता. तो एकदा माशांच्या डोक्यांकडे बघत होता, एकदा हेमाकडे, आणि काही बोलला नाही.

सरोजदीदींनी गोमतीवर न्यायला सांगितलं होतं. पुलावरून हेमानं खाली बघितलं. फेस, काळं पाणी, नाला येऊन मिळतो तिथं पांढरी पोटं वर करून तरंगणारी मेलेली पिल्लं. शेवडे म्हणायचे, ह्या पाण्यात मासा सोडणं म्हणजे त्याला पोत्यात घालणं. नवऱ्याच्या नावाचे जीव आपण इथं मारायचे? तिचं मन होईना. आणि तेव्हा तिला सुचलं, आणि सुचलं ते किती सरळ वाटलं बघा! मांगूर आहेत. देशी आहेत. त्यांचं तळं आहेच की. बासष्टाचे त्र्याऐंशी होतील. बायकोनं त्यांच्या कामात कधी बोट घातलं नाही, आज एवढं तरी घालू दे.

रिक्षा तळ्याकडे वळली. तिनं हात जोडले, "जगदीश बळवंत शेवडे" असं पूर्ण नाव घेतलं, आणि एकेक करून एकवीस मासे स्वतःच्या हातानं पाण्यात सोडले. घरी येऊन संपदाला म्हणाली, "आज खिचडी टाकते." खिचडीत मीठ बरोबर पडलं होतं.

त्यानंतर आठ दिवसांनी तळ्यात मासे दिसायला लागले. हेमानं गोळा टाकला की पाण्यात खळबळ. नंतर नंतर तर तिची पावलं वाजली की काठाशी तोंडं वर. करडी, रुंद, मिशावाली तोंडं, एकमेकांवर चढणारी. वर्षभर जे दिसले नाहीत ते आता तिच्या हातातून खायला येत होते. सरोजदीदी एकदा बरोबर आल्या, आणि बघून त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "देखा? भाईसाहब को पहुँच गया."

हेमाच्या डोळ्यांत नाही आलं. पण तिला बरं वाटलं. एवढाच शब्द: बरं. चोवीस तासांतली ती पंधरा मिनिटं तिला कळायची, म्हणजे ऊन आहे की ढग आहेत, पेंडीला वास येतोय, पायाखाली माती ओली आहे, असलं सगळं. घरी परतली की पुन्हा सगळं कापसात गुंडाळलेलं. ती माशांशी बोलायला लागली. "अहो, संपदाला फिजिक्सला कमी पडलेत," असलं. नवऱ्याला सांगितल्यासारखं. हिवाळा गेला, होळी झाली, मासे वाढत होते. एप्रिलात तिनं मृणालला कोचीनला पत्र टाकलं: सरांचे मासे उत्तम आहेत, काळजी नसावी, हातभर झाले आहेत.

उलट टपाली पत्राऐवजी जूनमध्ये मृणालच आली. दारातच चपला काढता काढता म्हणाली, "वहिनी, सरांचा प्रोजेक्ट मंजूर झाला. तीन वर्षांचा. आषाढ लागला की बीज धरायचं, त्यासाठी सगळे मासे आता टाकीत हलवते." मग थांबून, जरा अडखळत, "तुम्ही लिहिलं होतं, हातभर. अंदाजे लिहिलं होतंत ना?"

"अंदाजे कशाला? रोज बघते मी."

मृणालनं पाणी प्यायला घेतलेला पेला तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आतच लू, तिकडचा भाजून काढणारा वारा, वाहायला लागली होती. तळं आटून कमरेएवढं उरलेलं. मृणालनं बोलावलेले दोन मल्लाह, तिकडचे कोळी, पाण्यात उतरले, जाळं कडेकडेनं ओढत आणलं. हेमा काठावर डबा घेऊन उभी. आज त्यांचा शेवटचा दाणा इथला, म्हणून जास्तच आणला होता. जाळं वर आलं आणि त्यात ते होते. हातभर, सव्वा हात. करड्या अंगावर काळे डाग, चपटी मोठी डोकी. धडपडत, एकमेकांना शेपट्या मारत होते. हेमाला अभिमान वाटला. खरंच वाटला, खोटं कशाला बोला! ती मृणालकडे वळून म्हणाली, "बघितलंस? जिवापाड सांभाळलेत."

मृणाल जाळ्याशी गुडघ्यावर बसली होती. तिनं एक मासा धरला, डोक्यामागं अंगठा फिरवला, टबात टाकला. दुसरा. तिसरा. पाचव्या माशानंतर तिनं मल्लाहांना पुन्हा जाळं टाकायला सांगितलं. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला चिखलातून दुसरे काही निघाले, वीतभर, तांबूस काळे, शेपट्या कुरतडलेले. मृणालनं ते दोन्ही हातांत घेतले आणि वेगळ्या टबात ठेवले. पाचव्या खेपेपर्यंत ते सात झाले. मग त्यात काही येईना.

"वहिनी," मृणाल म्हणाली, "सरांचे हे आहेत. हे सात."

"आणि ते?"

"ते थाई."

हेमाला ऐकू आलं, पण कळलं नाही. मृणालनं तिचा हात धरून टबाशी नेला, तिचा अंगठा घेऊन लहान माशाच्या डोक्यावर ठेवला. "हे हाड मागं कुठं संपतं बघा. आणि आता ह्याचं. कळतो फरक?" कळत होता. आंधळ्यालाही कळला असता. "सरांनी कधी दाखवलं नाही तुम्हाला?"

"दर रविवारी म्हणायचे, चल, दाखवतो," हेमा म्हणाली. "मी म्हणायचे, वास येतो."

मृणालनं तिचा अंगठा सोडला. मग ती उठली आणि तिनं सगळा राग रामआसरेवर काढला. "ये अंदर कैसे आईं? किसने डालीं? तुम यहाँ करते क्या हो दिन भर?" रामआसरे मान खाली घालून उभा. मृणाल आवाज चढवत गेली. नोकरी जाईल म्हणाली, रिपोर्ट करीन म्हणाली. म्हातारा गमछ्यानं घाम पुसत राहिला. त्यानं एकदाही हेमाकडे बघितलं नाही.

आणि त्या न बघण्यानंच हेमाला सगळं कळलं. निशातगंज, दोन बादल्या, मनगटाला बसलेला हिसका. सगळ्यांत चपळ. सगळ्यांत भुकेले. बाजारातलं उत्तमोत्तम तिनं वेचून आणलं होतं. शिरा पडो त्या मासेवाल्याच्या तोंडात, पण खरी शिरा पडायला हवी होती ती आपल्या त्या ऐटीवर! कल्ले बघितले, डोळे बघितले. नवऱ्यानं उभं आयुष्य जे बघितलं तेवढंच बघितलं नाही.

"त्याला बोलू नकोस," ती म्हणाली. "मी सोडले. ह्यांच्या वर्षश्राद्धाला. एकवीस."

लू वाहत होती. मल्लाहांपैकी एकानं बिडी पेटवली. मृणाल हेमाकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावरचा राग कुठं जावा हे न कळून तिथंच राहिला.

"तुम्हें शक नहीं हुआ?" तिनं रामआसरेला हळू आवाजात विचारलं.

"हुआ था, बिटिया. सिर चौड़ा लगा था." तो म्हणाला. "पर साहब के नाम की मछली थी. हम कैसे मना करते?"

मग खोलीत, पत्र्याच्या खुर्चीवर बसून, मृणालनं तळ्याचं रजिस्टर उघडलं. शेवड्यांच्या बारीक अक्षरात शेवटची नोंद होती: बासष्ट. त्यापुढची पानं कोरी. संस्थेला आता कारण कळवावं लागणार. प्रोजेक्टच ह्या माशांवर होता, आणि सात माशांवर तीन वर्षांचं काम चालतं की नाही हे दिल्लीवाले ठरवणार. मृणालनं पेन हातात घेतलं, टोपण लावलं, परत काढलं.

"वहिनी, मी पुराचं पाणी लिहिते," ती म्हणाली. "मागच्या पावसाळ्यात सगळीकडेच शिरलं होतं. कुणी विचारणार नाही. तुमचं नाव कशाला? आणि सरांच्या... म्हणजे, लोक काय म्हणतील? ह्यांच्याच घरून..."

पोरीनं किती मायेनं म्हटलं होतं. हेमा नुसतं 'हं' म्हणाली असती तर मिटलं असतं. ती कोऱ्या पानाकडे बघत बसली. तिला शेवडे आठवले, बाहेरच्या नळावर पाय धुताना चिडचिडणारे. त्यांना चिडताना तिनं आयुष्यात दोनतीनदाच बघितलं असेल, आणि ते ह्याच कारणासाठी. तळ्यातळ्यावर विचारायचे, इथं थाई मांगूर आला कसा? आणि दर गावात एकच उत्तर: बाढ़ में आ गया, साहब. गावचा प्रधान तेच सांगे, ठेकेदार तेच सांगे. "पूर काय आफ्रिकेतून आला का?" शेवडे नळावरूनच ओरडायचे. "कुणीतरी हातानं सोडलाय ना! कोण ते कळल्याशिवाय मी थांबवू काय? एक माणूस, एक माणूस तरी खरं सांगेल?"

"पूर लिहू नकोस," हेमा म्हणाली.

"वहिनी..."

"लिही. जगदीश शेवडे यांच्या पत्नीने निशातगंज बाजारातून एकवीस मासे आणून सोडले. तारीख घाल. देशी समजून सोडले. कारण घाल, श्राद्ध. म्हणजे पुढं कुणी वाचेल त्याला कळेल की लोक असंही सोडतात." तिनं पानावर बोट ठेवलं. "नाव पूर्ण लिही. हेमा जगदीश शेवडे. नऊ महिने स्वतः खायला घातलं, तेही लिही."

मृणाल लिहीत होती आणि तिच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी कागदावर पडत होतं. हेमानं खाली सही केली. सही रोजच्यासारखीच आली.

बाहेर रामआसरेनं खड्डा खणून ठेवला होता, चुन्याची पिशवी शेजारी. थाई मांगूर नष्ट करा असा सरकारी कागदच निघाला होता. टबातले मासे मारून पुरायचे होते, कारण जिवंत टाकले तर ते सरपटत पुन्हा पाणी गाठतात. मृणालनं लाकडी दांडकं रामआसरेच्या हातात दिलं. त्यानं ते घेतलं, टबाशी गेला, आणि परत येऊन दांडकं भिंतीला टेकवून ठेवलं.

"हमसे नहीं होगा, मेमसाहब. साहब के नाम की हैं."

मल्लाह म्हणाले, आम्ही करतो. हेमानं त्यांना हातानं थांबवलं. ती टबाशी गेली तशी तिची पावलं ओळखून माशांनी तोंडं वर केली. रुंद, करडी, उघडी तोंडं. तिनं पदर खोचला. पहिला मासा कल्ल्यामागं घट्ट धरला, जसा धरायचा असतो तसा, फळीवर ठेवला आणि डोक्यावर दांडकं मारलं. एका घावात. मासा कसा मारायचा हे तिला कुणी शिकवायला नको होतं. दुसरा. तिसरा. मृणाल पाठ करून उभी राहिली. प्रत्येक मासा मारण्याआधी हेमा त्याच्या डोक्यामागं अंगठा फिरवत होती आणि ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत होती. रामआसरेला वाटलं, मेमसाहब देवाचं नाव घेतायत. ती मोजत होती.

शेवटचा मासा खड्ड्यात टाकून तिनं दांडकं खाली ठेवलं. कोपरापर्यंत रक्त, चिकटा, आणि तो वास. तिनं हात धुतले नाहीत. तळ्याकडे बघितलं.

"एकोणीस झाले," ती म्हणाली. "मी एकवीस सोडले होते. भैया, जाल फिर से डालिए."